वारीला निघण्याआधी ऑनलाइन दुकानाची निरवानिरव



पेरण्या उरकायच्या, गुरंढोरं भावाच्या नाहीतर शेजाऱ्याच्या हवाली करायची आणि माउलींच्या पालखीबरोबर चालू लागायचं, ही शेतकऱ्याची रीत जुनीच आहे. आळंदीहून पंढरपूरला पोचेपर्यंत तीनेक आठवडे जातात, पण तेवढ्यासाठी कोणी शेती मोडत नाही. घरबसल्या ऑनलाइन विक्री करणाऱ्या माझ्या कितीतरी भगिनी मात्र म्हणतात, "आम्हाला कुठली वारी? फोन ठेवला की धंदा बसला." हे मला पटत नाही. आधीपासून तयारी केली तर वारीही घडते आणि धंदाही राहतो.

माझ्या माहितीतल्या एक ताई गोडा मसाला, मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी विकतात. ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात, पैसे यूपीआयने जमा होतात, पार्सलं कुरिअरने आणि स्पीड पोस्टाने जातात. वारीला जायचं ठरल्यावर त्यांनी आधी एकच गोष्ट ठरवली: कोणतं काम दुसऱ्याच्या हातून होईल आणि कोणतं होणार नाही. मसाल्याचे धणे किती भाजायचे हे घड्याळ सांगत नाही, वास सांगतो. दगडफूल करपलं तर सगळा घाणा कडू होतो. म्हणून भाजण-कुटण घरी राहणाऱ्या जाऊबाईंवर टाकायचं नाही, मसाला आणि मेतकूट निघण्याआधीच करून ठेवायचं, असं ठरलं. भाजणी त्या मागणी येईल तशी ताजी दळून देतात, तेव्हा तेवढे दिवस भाजणी बंद. वजन करणं, पाकीट भरणं, पत्ता लिहिणं, कुरिअरवाल्याला फोन करणं हे जाऊबाईंकडे.

मग जाऊबाईंसाठी सूचनांची वही आली. त्या वहीतली एक ओळ मला फार आवडली: "पाकीट सील केल्यावर उलटं धरून दोनदा झटकायचं; पूड गळली तर पाकीट बदलायचं, वरून चिकटपट्टी लावायची नाही." खाली दुसरी: "पावसाचे दिवस आहेत, खोक्यात आधी प्लास्टिकची पिशवी, पत्त्याच्या कागदावर पारदर्शक पट्टी." वर्षानुवर्षं हाताला ठाऊक असलेलं हे सगळं पहिल्यांदाच कागदावर उतरलं होतं. निघण्याच्या आधी ताईंनी जाऊबाईंना सगळं काम एकटीने करू दिलं आणि स्वतः शेजारच्या खोलीत बसून राहिल्या, विचारल्याशिवाय बोलायचं नाही असं ठरवून. जाऊबाईंनी जे जे विचारलं ते ते वहीत नव्हतं. त्याच दिवशी ते लिहून झालं. ही रंगीत तालीम प्रत्येकाने करावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

आता फोनविषयी, कारण खरी गाठ तिथेच असते. पुष्कळांना वाटतं, व्हॉट्सअ‍ॅप संगणकाला जोडून ठेवलं की झालं, फोन आपल्याबरोबर नेला तरी चालेल. पण मूळ फोनवर १४ दिवसांहून जास्त काळ व्हॉट्सअ‍ॅप उघडलं नाही, तर जोडलेला संगणक आपोआप बाहेर पडतो. वारी त्याहून मोठी. वाटेत चार्जिंगची आणि रेंजची खात्री नसते. शिवाय बँकेचा, वेबसाइटचा, जीएसटीचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. म्हणून धंद्याचा नंबर वेगळा ठेवावा आणि तो फोन घरीच राहू द्यावा. आपल्यासोबत साधा दुसरा फोन पुरे. यूपीआयचा पिन मात्र कोणाला देऊ नये, घरच्यांनासुद्धा नाही. कुरिअरचे आणि किरकोळ खर्चाचे पैसे आधीच रोख काढून द्यावेत.

तारखांचंही बघावं लागतं. आषाढी जून-जुलैत येते आणि जूनअखेर तिमाही संपते. तिमाही पद्धतीने जीएसटी भरणाऱ्या महाराष्ट्रातल्या व्यावसायिकाला विक्रीचं विवरणपत्र १३ जुलैपर्यंत आणि कराचं २२ जुलैपर्यंत द्यावं लागतं. विक्री शून्य असली तरी ते चुकत नाही. उशीर झाला की दिवसागणिक शुल्क चढतं. कर सल्लागाराशी आधी बोलून कागद त्यांच्याकडे देऊन ठेवावेत. वेबसाइटच्या नावाची मुदत त्याच काळात संपत असेल तर निघण्याआधीच ती वाढवून घ्यावी.

आणि गिऱ्हाइकाला सांगावं. आपल्याकडच्या दुकानदारांनी दारावर पाटी लावून दुकान कधी बंद, कधी उघडं हे सांगण्यात कधी कमीपणा मानला नाही. व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसमध्ये आपण नसताना आपोआप जाणारा निरोप लिहून ठेवता येतो. त्यात "लवकरच संपर्क करू" असं मोघम लिहू नका. कोणत्या तारखेपर्यंतच्या ऑर्डरी घेतो, कोणता माल मिळेल, कोणता मिळणार नाही, पुन्हा सगळं कधी सुरू, हे लिहा. वारीला जातोय हेही लिहा. लोकांना आनंदच होतो. घरी कोणीच राहणार नसेल, तर निघण्याच्या आठवडाभर आधी ऑर्डरी घेणं बंद करा. पत्ता न सापडलेलं पार्सल उलट फिरून येतं, ते घ्यायला घरी कोणी नसलं तर मसाला ओलाव्यात पडून राहतो.

तक्रार मात्र थांबत नाही. ग्राहक संरक्षणाच्या २०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते आणि महिन्याभरात तिचं निवारण करावं लागतं. तेवढं उत्तर देणारं एक माणूस मागे हवंच. तेही नसेल, तर सरळ सगळी पार्सलं पोचती होईपर्यंत थांबा, मग दुकान बंद करा आणि निर्धास्त जा. माझ्या मते अर्धवट उघड्या दुकानापेक्षा पूर्ण बंद दुकान केव्हाही चांगलं. गिऱ्हाईक बंद दुकान समजून घेतं. पैसे घेऊन गप्प बसलेलं दुकान त्याला सहन होत नाही.

तेव्हा यंदा वारीला, लेकीकडे किंवा कोकणात गावी जायचं मनात असेल, तर तिकिटाच्या आधी एक वही आणा आणि घरातलं कोण तुमचं काम बघणार, हे आजच त्याच्याशी बोलून ठरवा.