चर न खणता टाकलेली वाहिनी

(नभोवाणीवरील भाषण)

पावसाळा तोंडावर आला की शहरोशहरी रस्त्यांच्या कडेला उकरलेले चर बुजविण्याची घाई सुरू होते. पाण्याचा नळ, विजेची तार, दूरध्वनीची केबल, गॅसची नळी, यांपैकी काहीतरी जमिनीत जावयाचे असते आणि पहिली सर कोसळण्यापूर्वी रस्ता पूर्ववत व्हावयाचा असतो. दादरा व नगर हवेलीतील सिल्वासा, म्हणजे स्थानिकांच्या तोंडचे सेलवास, या शहराला ही घाई परवडणारी नाही. सह्याद्रीच्या पायथ्याशी, दमणगंगेच्या काठी वसलेल्या या मुलखात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. 2 ऑगस्ट 1954 रोजी पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झाले तेव्हा सिल्वासा हे एक लहानसे गाव होते. पुढे पिपरिया, मसाट, आमली, खडोली येथे कारखाने उभे राहिले. दादरा व नगर हवेलीची लोकसंख्या 2001 च्या जनगणनेत 2,20,490 होती. 2011 मध्ये ती 3,43,709 झाली. माणसे वाढली की जमिनीवर घरे वाढतात, तशाच जमिनीखाली वाहिन्याही वाढतात.

चराचा खर्च अंदाजपत्रकात लिहिलेला असतो. परंतु त्याची सगळी किंमत तेथे उतरत नाही. बुजविलेली माती पावसात बसते, रस्ता खचतो, दुकानापुढचा चिखल आठवडेच्या आठवडे हटत नाही. याहून मोठी किंमत चरात उतरणाऱ्या मजुराला मोजावी लागते. एक घनमीटर मातीचे वजन दीड टनाहून अधिक भरते. कड ढासळून माती छातीपर्यंत आली, तरी त्या भाराखाली माणसाला श्वास घेता येत नाही. दीड मीटरहून खोल चराच्या भिंतींना आधार द्यावा, असा भारतीय मानकाचा दंडक आहे. पण काम लवकर उरकावयाचे असले की प्रथम विसर पडतो तो या आधाराचाच. ज्या प्रदेशातील निम्म्याहून अधिक लोक वारली, कोकणा, धोडिया इत्यादी आदिवासी जमातींचे आहेत, तेथे कुदळ-फावडे घेऊन चरात उतरणारा माणूस पुष्कळदा जवळच्याच पाड्यावरचा असतो.

म्हणूनच जमीन न उकरता वाहिनी टाकण्याच्या विद्येकडे आज सर्वत्र लक्ष लागले आहे. आडवे, पण हवे तसे वळविता येणारे छिद्र पाडण्याची ही विद्या तेलविहिरींच्या धंद्यातून आली. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मार्टिन चेरिंग्टन यांनी 1971 मध्ये पाजारो नदीच्या तळाखालून गॅसवाहिनी नेली, आणि नदीचे पात्र न खणता ती ओलांडता येते हे सिद्ध झाले.

या कामाची रीत समजण्यास कठीण नाही. सुताराची पटाशी एका बाजूने तासलेली असते. ठोकली की ती लाकडात सरळ न जाता एका अंगाला कलत जाते. या ड्रिलच्या तोंडाचे पातेही तसेच तिरके असते. ते फिरवीत पुढे रेटले तर छिद्र सरळ जाते. फिरविणे थांबवून नुसते रेटले तर ते एका बाजूस वळते. तोंडाच्या मागे एक लहानसे प्रक्षेपक यंत्र बसविलेले असते. ते जमिनीखालून संदेश पाठविते आणि वर हातात ग्राहक यंत्र घेऊन चालणारा तंत्रज्ञ ड्रिल किती खोल आहे, त्याचा कल किती आहे, हे पाहत जातो. यंत्र रस्त्याच्या अलीकडे उभे असते. तेथून जमिनीत तिरपे शिरलेले ड्रिल रस्त्याखालून वा नदीखालून जाऊन पलीकडे वर येते. मग त्याचे तोंड काढून तेथे छिद्र रुंद करणारे हत्यार जोडतात व ते मागे ओढतात. छिद्र साधारणपणे वाहिनीच्या व्यासाच्या दीडपट झाले की शेवटी वाहिनीच आत ओढून घेतली जाते. वरून वाहतूक चालू असते आणि खाली एकही माणूस उतरलेला नसतो.

तथापि जमीन सर्वत्र सारखी नसते. सिल्वाशाच्या मातीखाली आणि मुरुमाखाली दख्खनचा काळा कातळ पसरला आहे. येथे तिरके पाते निरुपयोगी ठरते. दाबाखालील द्रवाच्या जोरावर फिरणारी मोटर आणि दातेरी चाकांचे तोंड वापरून इंच इंच पुढे सरकावे लागते. मात्र एकदा पडलेले छिद्र कातळात पक्के राहते. थरच्या वाळवंटात नेमके याच्या उलट घडते. तेथे ड्रिल लोण्यात सुरी जावी तसे जाते. पण कोरड्या वाळूतील छिद्र क्षणभरही टिकत नाही. ड्रिल मागे घेतले की वाळू ढासळून वाट बंद होते. छिद्रात भरलेला द्रव वाळू पिऊन टाकते. तो पुन्हा भरावयाचा तर पाणी टँकरने आणावे लागते, आणि जवळपास मिळालेच तर ते बहुधा खारे असते.

हा द्रव म्हणजे पाण्यात कालविलेली बेंटोनाइट नावाची माती. पाणी शोषून ती अनेक पटींनी फुगते. तिचा लगदा ड्रिलला थंड ठेवतो, कापलेला भुगा बाहेर आणतो आणि छिद्राच्या भिंतींना आतून लेप देऊन त्यांना धरून ठेवतो. खाऱ्या पाण्यात मात्र तिची फुगण्याची शक्ती क्षीण होते. म्हणून वाळवंटात काम करणारे पाणी आधी तपासतात, प्रसंगी त्यात सोडा मिसळतात आणि बाहेर आलेला लगदा चाळून पुन्हा वापरतात.

गंमत अशी की ही मातीही रुक्ष प्रदेशातीलच आहे. भारतात बेंटोनाइटच्या मोठ्या खाणी कच्छ आणि बाडमेर या भागांत आहेत. त्यांपैकी कच्छमधील माती ज्वालामुखीच्या खडकांपासून तयार झाली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या ज्या प्रचंड लोटांनी दख्खनचा कातळ घडविला, त्यांचाच पसारा कच्छपर्यंत पोहोचला होता. तो खडक कुजून, बदलून तेथे बेंटोनाइट झाला. सिल्वाशाचा कातळ आणि त्यातील छिद्रात ओतली जाणारी कच्छची माती ही अशा रीतीने एकाच घराण्यातील आहेत.

आता या विद्येतील धोक्याकडे वळावयास हवे. चर खणणाऱ्या मजुराला जुनी केबल डोळ्यांनी दिसते. ड्रिलला काहीच दिसत नाही. वाटेत आलेली पाण्याची वाहिनी ते फोडील, विजेची तार तोडील. द्रवाचा दाब अधिक झाला तर लगदा भेगांतून वर येऊन नदीचे पाणी गढूळ करील. सर्वांत वाईट म्हणजे जी इजा त्या दिवशी कोणाच्या लक्षातच येत नाही ती. अमेरिकेतील केनोशा या गावी गॅसची एक नळी जमिनीखालून नेताना नकळत सांडपाण्याच्या नळातून आरपार गेली होती. 1976 मध्ये तुंबलेला नळ साफ करताना ती नळी फुटली, गॅस घरात शिरला आणि स्फोटात दोन माणसे प्राणास मुकली.

आपल्या देशात अनिर्बंध खोदकामामुळे दरवर्षी सुमारे 3,000 कोटी रुपयांचे नुकसान होते, असा सरकारी अंदाज आहे. खणणाऱ्याने आधी वाहिन्यांच्या मालकांना कळवावे यासाठी 22 मार्च 2023 रोजी केंद्र सरकारने ‘कॉल बिफोर यू डिग’ ही मोबाइलवरील सोय सुरू केली. सोय उत्तम आहे. परंतु विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळावयाचे तर वाहिनी कोठे आणि किती खोल आहे हे तिच्या मालकाला तरी ठाऊक असले पाहिजे. कित्येक ठिकाणी ही माहिती एखाद्या जुन्या फिटरच्या स्मरणात असते आणि तो निवृत्त झाला की त्याच्याबरोबर निघून जाते.

वास्तविक या नव्या पद्धतीत नोंद करणे जुन्या पद्धतीपेक्षा सोपे आहे. ड्रिलचा प्रत्येक दांडा जोडताना तंत्रज्ञ खोली आणि कल पाहतोच. तोच आकडा वहीत उतरला की वाहिनीचा संपूर्ण नकाशा आपोआप तयार होतो. ही वही नगरपालिकेच्या हाती पडल्याखेरीज ठेकेदाराचे देयक चुकते करू नये, एवढा एक नियम कसोशीने पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतील. तसेच, जेथे जुनी वाहिनी आडवी जात असल्याचा संशय असेल तेथे काम सुरू करण्यापूर्वी हाताने लहानसा खड्डा घेऊन ती प्रत्यक्ष पाहावी. जमीन न खणण्याच्या विद्येतही एवढे खणणे आवश्यकच आहे.

नाशिक जिल्ह्यात उगम पावून दमणजवळ समुद्राला मिळणारी दमणगंगा सिल्वाशाच्या रहिवाशांना रोज दिसते. तिच्या काठच्या रस्त्यांखाली काय दडले आहे ते मात्र कोणालाच दिसत नाही. यंत्राने चरात उतरणाऱ्या माणसाचा धोका दूर केला, हा त्याचा मोठाच उपकार होय. पुढील पिढीतील माणसाने त्याच जागी ड्रिल लावले तर त्याच्या वाट्याला कोणता धोका येईल, हे आज ठेवलेल्या वहीवर अवलंबून राहील.