निकालपत्रकातली रिकामी ओळ

(महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मैत्रिणींनो,

मला इथे सत्कारासाठी बोलावलं होतं. मी म्हटलं, शाल-नारळ नको, वीस मिनिटं बोलायला द्या. मी काही भाषणं करणारी बाई नाही. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, त्यामुळे पुढे बसलेल्यांनी चुळबुळ केली की माझं बोलणं विसरतं. तेव्हा जरा सांभाळून घ्या.

येताना मी एक कागद आणलाय. तीन वर्षांपूर्वीच्या एका राज्य पातळीवरच्या प्रौढांच्या मैदानी स्पर्धेचं हे निकालपत्रक. शर्यत : 5000 मीटर चालणे, महिला. वयोगट 35 ते 39, मग 40 ते 44, असे पाच-पाच वर्षांचे गट. प्रत्येक गटात नाव, गाव, वेळ. 55 ते 59 च्या गटात शेवटी माझं नाव आहे. त्यापुढे वेळ नाही, ‘बाद’ असं लिहिलंय. आणि त्याखाली 60 ते 64 चा गट. तिथे नुसती आडवी रेघ आहे. आज मला या रेघेबद्दल बोलायचंय.

पण आधी हा खेळ काय आहे ते सांगते, कारण तुमच्यातल्या पुष्कळ जणींना वाटत असेल, चालण्याची कसली शर्यत? मलाही तसंच वाटलं होतं. सत्तेचाळिसाव्या वर्षी साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चाला. शाळा, स्वयंपाक, सासूबाईंचं दुखणं, या सगळ्यातून पहाटेची पाऊण तास वेळ काढली आणि कॉलेजच्या मैदानावर जायला लागले. तिथे एक निवृत्त क्रीडाशिक्षक मुलींना चालण्याच्या शर्यतीसाठी तयार करत. एक दिवस म्हणाले, “बाई, तुम्ही चालता छान, पण गुडघा वाकवता.” तिथून सुरुवात झाली.

नियम दोनच आहेत. एक, कुठलं ना कुठलं पाऊल सतत जमिनीला टेकलेलं असलं पाहिजे. दोन्ही पाय उचललेले डोळ्यांना दिसले की ते धावणं झालं. दुसरा, पुढे टाकलेला पाय जमिनीला टेकल्यापासून तो अंगाखाली उभ्या रेषेत येईपर्यंत गुडघ्यात सरळ राहिला पाहिजे. वाटेवर पंच उभे असतात. कॅमेरा नाही, साध्या डोळ्यांनी बघतात. चुकताय असं वाटलं तर पिवळा फलक दाखवतात. चूक स्पष्ट दिसली तर लाल कार्ड लिहितात. तीन वेगवेगळ्या पंचांची तीन लाल कार्डं झाली की तुम्ही बाद. अलीकडे काही स्पर्धांमध्ये तिसऱ्या कार्डाला आधी ठरावीक वेळ बाजूला थांबवतात, आणि चौथ्याला बाद करतात.

आता पाय सरळ ठेवून भराभर चालायचं, पाऊल लांब टाकायचं, तर कंबर फिरवावीच लागते. दुसरा इलाजच नाही. आणि इथेच आपली पंचाईत होते. बाईनं कंबर हलवत भर रस्त्यानं चालायचं! पहिल्याच आठवड्यात टपरीवरच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ते परवडलं. पण ओळखीच्या काकूंनी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं, “सुनेची चाल बरी दिसत नाही हो.” शब्द बघा. बाईची चाल, बाईचं चालचलन, चालू बाई. आपल्या भाषेत बाईच्या चालण्याचा आणि चारित्र्याचा केवढा घरोबा आहे! लहानपणी आईनंही सांगितलं होतं, पाय वाजवू नकोस, खाली बघून चाल. पाण्याच्या दोन कळशा घेऊन मैलभर गेले तेव्हा मात्र चालीबद्दल कुणी ब्र काढला नाही. कामासाठी चालणारी बाई कुणाला खुपत नाही. स्वतःसाठी चालणारी खुपते.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं नाही. राजस्थानातल्या राजसमंद जिल्ह्यातल्या भावना जाटनं 2020 मध्ये रांचीला 20 किलोमीटर 1 तास 29 मिनिटं 54 सेकंदांत चालून टोकियो ऑलिंपिकची पात्रता मिळवली. ती गावात सराव करायची तो उजाडायच्या आत, कारण अर्ध्या चड्डीतली मुलगी गावाला बघवत नव्हती. पंजाबच्या खुशबीर कौरनं 2014 च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवलं. उत्तर प्रदेशच्या प्रियांका गोस्वामीनं 2022 मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये रौप्य मिळवलं. यांची नावं तुमच्यातल्या किती जणींनी ऐकली आहेत? हात वर करा बघू. बघा, तीन-चार हात. क्रिकेटच्या बाराव्या खेळाडूचं नाव मात्र आपल्या घरातल्या पोरांना पाठ असतं.

आता जगाच्या पाठीवर काय झालं ते ऐका. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची चालण्याची शर्यत 1908 पासून आहे. बायकांची पहिली झाली 1992 मध्ये बार्सिलोनात, 10 किलोमीटरची. चीनच्या चेन युएलिंगनं ती जिंकली. मध्ये चौऱ्याऐंशी वर्षं गेली. 2000 मध्ये सिडनीत बायकांचं अंतर 20 किलोमीटर झालं. पुरुषांना मात्र 20 शिवाय 50 किलोमीटरचीही शर्यत होती, 1932 पासून. बायकांनी 50 मागितले. उत्तर काय मिळालं? एवढं चालणाऱ्या बायका आहेत कुठे? संख्या नाही, दर्जा नाही.

मैत्रिणींनो, हे उत्तर आपल्या ओळखीचं आहे. गावात मुलींची शाळा नाही, कारण मुली येत नाहीत. मुली येत नाहीत, कारण शाळा नाही. बायका ग्रामसभेत बोलत नाहीत, म्हणून त्यांना विचारायचं नाही. न विचारल्यामुळे त्या बोलत नाहीत. शर्यतच ठेवली नाही तर कुठली बाई वर्षानुवर्षं रोज पंचवीस-तीस किलोमीटर चालून तयारी करेल?

पण काही जणींनी केली. अमेरिकेची एरिन टेलर-टॅलकॉट पुरुषांच्या 50 किलोमीटरमध्ये उतरून चालली. पोर्तुगालची इनेस हेन्रिकेस मागे लागून राहिली. शेवटी 2017 च्या लंडनच्या जागतिक स्पर्धेत बायकांची 50 किलोमीटरची शर्यत ठेवली गेली, तीही जेमतेम काही आठवडे आधी जाहीर करून. सुरुवातीच्या रेषेवर किती बायका होत्या? सात. शेवटपर्यंत पोचल्या चार. हसणारे हसले असतील. पण हेन्रिकेसनं 4 तास 5 मिनिटं 56 सेकंदांचा जागतिक विक्रम करून ती जिंकली. तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. आमच्या प्रौढांच्या स्पर्धेत तिला 35 च्या गटात घातलं असतं! आणि दोनच वर्षांत, 2019 मध्ये, चीनच्या लिऊ होंगनं 50 किलोमीटर चार तासांच्या आत चालून दाखवले. तेव्हा तिची मुलगी दीड वर्षाचीही नव्हती. ‘दर्जा नाही’ म्हणणाऱ्यांना दोन वर्षांत मिळालेलं हे उत्तर.

मग ऑलिंपिकनं बायकांना 50 दिले का? नाही. बायकांनी क्रीडा लवादाकडे दाद मागितली, तर लवाद म्हणाला, हे आमच्या अधिकारात नाही. 2021 मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांची 50 किलोमीटर शेवटची झाली आणि नंतर ती शर्यतच काढून टाकली. 2024 मध्ये पॅरिसला तिच्या जागी एक बाई आणि एक पुरुष यांची मिळून शर्यत ठेवली. पुरुषांइतकी वाटणी झाली खरी, पण कशी, तर पुरुषांचं ताट काढून घेऊन. बायकांना ते ताट कधी वाढलंच गेलं नाही. ही बरोबरी आपल्याला हवी होती का, यावर तुम्ही चर्चा करा. माझं मत मी सांगते. पंक्तीत समान वाढणं म्हणजे दोघांना उपाशी ठेवणं नव्हे. पण आज जागतिक स्पर्धेत बाई आणि पुरुष सारखंच अंतर चालतात, हे ज्या सात जणींमुळे झालं त्यांना मी नमस्कार करते.

आता माझ्या कागदाकडे येते.

त्या स्पर्धेला आमच्या मंडळातल्या सहा जणी गेलो होतो. रात्रीच्या एसटीनं. त्यात एक चौसष्ट वर्षांची मावशी होती. धुण्याभांड्याची कामं करते. कामाला जाता-येता चालायची, म्हणून मीच तिला मैदानावर ओढलं होतं. प्रवेश फीचे पैसे तिनं दोन महिन्यांत साठवले. बूट माझ्या मुलीचे, पुढे कापूस घालून. मैदानावर पोचलो तर कळलं, 60 ते 64 गटात महिलांच्या नोंदी दोनच, तीन असल्याशिवाय शर्यत होणार नाही, नियम आहे. मी म्हटलं, ठीक, नियम तर नियम. पण तासाभरापूर्वी पुरुषांच्या 75 च्या वरच्या गटात एकटे आजोबा चालले होते, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या होत्या. मीसुद्धा वाजवल्या. नियम त्यांना का लागला नाही, असं विचारलं. एक पदाधिकारी म्हणाले, “ते कौतुकाचं होतं हो ताई.” म्हणजे म्हाताऱ्या पुरुषाचं कौतुक आणि म्हाताऱ्या बाईला नियम.

भांडलो तेव्हा त्यांनी सांगितलं, 55 च्या गटाबरोबर चाला हवं तर, पण नोंद होणार नाही. मावशी चालली. मीही त्याच शर्यतीत होते. साडेबारा फेऱ्या. आठव्या फेरीला मला दुसरं लाल कार्ड पडलं आणि दहाव्या फेरीला मुख्य पंचांनी समोर येऊन लाल फलक दाखवला. गुडघा. बारा वर्षांपूर्वीचाच गुडघा! मी बाहेर झाले. रडू आलं, खोटं कशाला सांगू.

2000 मध्ये सिडनीत ऑस्ट्रेलियाची जेन सॅव्हिल आपल्याच देशात, आपल्याच लोकांसमोर, सुवर्णपदकाच्या वाटेवर, स्टेडियमच्या तोंडाशी येऊन बाद झाली होती. तिचं दुःख केवढं, माझं केवढं! चार वर्षांनी अथेन्सला तिनं कांस्यपदक मिळवलं. म्हणजे बाद होणं हा शेवट नसतो.

बाद झाले आणि बाहेरून मावशीच्या फेऱ्या मोजायला लागले. 55 च्या गटातली शेवटची बाई पोचल्यावर वेळ घेणाऱ्यांनी घड्याळं बंद केली आणि टेबल आवरायला घेतलं. मावशीच्या अजून दोन फेऱ्या राहिल्या होत्या. ती थांबली नाही. माझ्या मनगटावरच्या घड्याळात 38 मिनिटं 40 सेकंद झाले तेव्हा ती रेषेवर आली. टाळ्या वाजवायला आम्ही पाच जणी आणि चहावाला. तिनं विचारलं, “ताई, माझं नाव लागंल का हो?”

हा कागद नंतर पोस्टानं आला. माझ्या नावापुढे ‘बाद’ आहे. त्याचा मला राग नाही. पंचांनी मला पाहिलं, माझी चूक मोजली, लिहून ठेवली. बाद व्हायलासुद्धा शर्यतीत असावं लागतं. मावशी मात्र साडेबारा फेऱ्या पुऱ्या करूनही या कागदावर नाही. हरण्याची दुःखं आपण पचवतो. नोंदच नसणं हा अन्याय आहे, आणि तो इतका साधा दिसतो की आडव्या रेघेत मावतो.

आम्ही काय केलं ते सांगून थांबते. एक, सहा जणींच्या सह्यांचं पत्र दिलं. त्यात मागणी एवढीच, की नियम बाईपुरुषांना सारखा लावा, आणि नोंदी कमी असल्या तर गट एकत्र चालवा, पण वेळ प्रत्येकीची लिहा. उत्तर आलं नाही. दोन, आम्ही संख्या वाढवायला बाहेर पडलो. ‘बायका नाहीत’ म्हणता ना, या घ्या. भाजीबाजारात, बचत गटात, अंगणवाडीच्या ताईंमध्ये बोललो. पुढच्या वर्षी 60 ते 64 गटात पाच नोंदी होत्या. शर्यत झाली. मावशी तोवर पासष्टची झाली होती, म्हणून पुढच्या गटात गेली. तिथे नोंदी तीन. त्यातली एक आम्ही शेजारच्या तालुक्यातून शोधून आणली होती. मावशी तिसरी आली. तिचं नाव लागलं.

तिसरं काम सगळ्यात सोपं आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आम्ही मैदानावर तीन किलोमीटर चालतो. शाळेतल्या पोरींपासून सत्तरीच्या आजींपर्यंत. एका वहीत सगळ्यांची नावं, वय आणि वेळ लिहितो, आणि तो कागद ग्रंथालयाच्या फळ्यावर लावतो. पहिल्या-दुसऱ्याचीच नव्हे, शेवटचीचीही वेळ. बाद झाली तर तेही, कारणासकट. बायका येऊन आपलं नाव शोधतात, बोट ठेवून वाचतात. नवऱ्याला दाखवायला आणतात. एकीला वाचता येत नव्हतं, ती स्वतःचं नाव ओळखण्यापुरती अक्षरं शिकली.

तुमच्या गावी हे करायला मैदान लागत नाही. मोजलेला सरळ रस्ता, चुन्याच्या दोन रेघा, एक घड्याळ आणि एक वही एवढंच लागतं. वही घेऊन बसणारी बाई मात्र शेवटची पोचेपर्यंत उठता कामा नये.

आमचे निकाल मी या अंकाच्या संपादिकांकडे देऊन जातेय. पानाच्या कोपऱ्यात जागा उरली तर छापा. तुम्हीही पाठवा.