छायाचित्राखालचे नाव



ज्या गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हाताखाली मी चार वर्षे मराठी शिकलो. उत्तरपत्रिकेत कवितेच्या ओळी उतरवल्या आणि कवीचे नाव लिहायचे राहिले, तर गुरुजी अर्धा गुण कापीत. त्या वयात हा अर्धा गुण आम्हांला फार जाचक वाटे. आज आयुष्याच्या उतारावर मला माझाच एक कापला न गेलेला अर्धा गुण आठवतो आणि त्याच्याच निमित्ताने मी हा विषय निवडला आहे. मराठीच्या प्राध्यापकाने छायाचित्रांच्या व्यापारावर बोलावे याचे कार्यक्रमपत्रिका पाहून काहींना नवल वाटले असेल. थोडा धीर धरावा.

दशावतारी नाटक हा माझ्या प्रबंधाचा विषय होता. गोवा विद्यापीठ १९८५ मध्ये स्थापन झाले. त्यापूर्वी आमची महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती, त्यामुळे प्रबंधही मुंबईलाच गेला. त्यासाठी दोन हिवाळे मी पेडणे महालातल्या जत्रांतून हिंडलो. माझ्यासोबत पेडण्यातले एक स्टुडिओवाले असत. पासपोर्टचे आणि लग्नाचे फोटो काढून ते उदरनिर्वाह करीत. पण देवळासमोरच्या मांडवात गॅसबत्तीच्या उजेडात संकासुर प्रवेश करू लागला, की हा गृहस्थ वेगळाच होऊन जाई. बारा फोटोंचा रोल असे. एकेक फोटो ते जपून घेत. पहाटे चारला सारी सभा पेंगत असताना हे मात्र रंगपटाच्या दाराशी, रंग पुसणाऱ्या नटाच्या चेहऱ्यावर नेम धरून बसलेले असत. मी त्यांना रोलचे आणि धुलाईचे पैसे दिले. रात्रीच्या जागरणाचे पैसे त्यांनी मागितले नाहीत आणि मी दिले नाहीत.

प्रबंधाचे पुस्तक झाले. त्यात अकरा छायाचित्रे आली. ऋणनिर्देशात मी ग्रंथपालांपासून टंकलेखकापर्यंत सर्वांचे आभार मानले. छायाचित्रकाराचे नाव कुठेच आले नाही. तो मुद्रकाचा दोष नव्हता. मी लिहिलेच नव्हते. पुढे काही वर्षांनी त्यांतलाच एक फोटो, रंग पुसणारा नट, एका दिनदर्शिकेवर झळकला. खाली माझ्या पुस्तकाचे नाव सौजन्य म्हणून छापले होते! मला त्या वेळी, खरे सांगतो, आनंदच झाला.

कायदा याबाबत काय म्हणतो ते मी फार उशिरा वाचले. आपला स्वामित्वहक्काचा कायदा १९५७ चा. त्यानुसार छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते टिपणारी व्यक्ती. मात्र कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल, तर वेगळा करार नसल्यास पहिली मालकी पैसे देणाऱ्याची. म्हणजे रोलच्या पैशांना मोबदला मानले तर ती अकरा छायाचित्रे कदाचित माझी ठरतीलही. पण त्याच कायद्याचे ५७ वे कलम असे आहे, की हक्क विकल्यानंतरसुद्धा ‘ही कृती माझी आहे’ असे म्हणण्याचा कर्त्याचा अधिकार शिल्लक राहतो. मालकी विकता येते, पण विकणारा म्हणून कर्तृत्व पुसले जात नाही. मराठीचा प्राध्यापक असूनही ‘कर्ता’ या शब्दाचा हा अर्थ मला व्याकरणाबाहेर कधी सुचला नाही.

आपल्या या भागाचे छायाचित्रणाशी नाते जुने आहे. मांद्रे हे डॉ. भाऊ दाजी लाड यांचे जन्मगाव. मुंबईत १८५४ मध्ये छायाचित्रण संस्था निघाली, तेव्हाच्या आरंभीच्या वर्षांत तिच्या मोजक्या भारतीय सभासदांत भाऊ दाजी आणि त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे दोघेही होते. नारायण दाजींनी टिपलेली मुंबईच्या लोकांची छायाचित्रे आजही अभ्यासक पाहतात. भाऊंच्या नावाचे संग्रहालय मुंबईत उभे आहे. नारायणरावांचे नाव मात्र मांद्र्यातसुद्धा क्वचितच कोणी घेत असेल. भारतातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांची आरंभीची छायाचित्रे तर त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने प्रसिद्ध होत. नावाचा प्रश्न असा पैशाच्या प्रश्नाआधीपासूनचा आहे.

पैशाकडे आता वळतो, कारण तोही तितकाच खरा आहे. फोटो एजन्सी म्हणजे काय, ते ज्येष्ठ श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. छायाचित्रकार आपली चित्रे एजन्सीच्या भांडारात ठेवतो. वृत्तपत्र, जाहिरातदार किंवा पाठ्यपुस्तकाचा प्रकाशक तेथून हवे ते चित्र वापरण्याची परवानगी विकत घेतो. चित्र विकले जात नाही, त्याचा वापर विकला जातो, आणि तोही पुनःपुन्हा. आलेल्या पैशातला काही वाटा छायाचित्रकाराला मिळतो. सारा वाद या ‘काही’वर आहे.

हा वाद पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवला तो १९४७ मध्ये. रॉबर्ट कापा, आंरी कार्तिए-ब्रेसाँ, जॉर्ज रॉजर आणि डेव्हिड सीमोर या मंडळींनी मॅग्नम ही संस्था काढली. मालक छायाचित्रकारच, आणि चित्रांवरचा हक्कही नियतकालिकाकडे न जाता काढणाऱ्याकडे. जानेवारी १९४८ मध्ये कार्तिए-ब्रेसाँ यांनी दिल्लीत टिपलेली गांधीजींच्या अखेरच्या दिवसांची आणि अंत्ययात्रेची छायाचित्रे जगभर गेली, ती याच व्यवस्थेतून.

पुढे व्यापाराचे स्वरूप पालटले. १९९५ मध्ये मार्क गेटी आणि जोनाथन क्लाइन यांनी गेटीची एजन्सी उभारली आणि लहानमोठी भांडारे एकामागून एक विकत घेतली. बिल गेट्स यांनी १९८९ मध्ये काढलेली कॉर्बिस २०१६ मध्ये एका चिनी कंपनीकडे गेली आणि चीनबाहेरची तिची विक्री गेटीकडे आली. २००३ साली निघालेली शटरस्टॉक ही दुसरी बलाढ्य संस्था. या दोघींनी आपल्या विलीनीकरणाचा करार जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला.

याचा आपल्याशी काय संबंध? डिचोलीचा माझा एक माजी विद्यार्थी या भांडारांना चित्रे देतो. मये तळ्यावरचे धुके, नार्व्याच्या सप्तकोटेश्वराची दीपमाळ, शिगम्यातली घोडेमोडणी, खनिजाच्या धुळीने तांबडे झालेले रस्ते. त्याने मला आपला हिशेब दाखवला. जून २०२० मध्ये शटरस्टॉकने मोबदल्याची नवी पद्धत आणली. वाटा पंधरा टक्क्यांपासून सुरू होतो, वर्षभरात चित्रे खपतील तशी पायरी वाढत चाळीस टक्क्यांपर्यंत जाते. आणि १ जानेवारीला सर्वजण पुन्हा पहिल्या पायरीवर! किमान मोबदला एका चित्रामागे दहा सेंट, म्हणजे आठ-नऊ रुपये. त्या वेळी जगभरच्या अनेक छायाचित्रकारांनी निषेध म्हणून आपली चित्रे काढून घेतली. माझ्या विद्यार्थ्याने काढली नाहीत. “सर, काढून कुठे ठेवू?” असे त्याने विचारले. मजजवळ उत्तर नव्हते.

एक उत्तर कॅनडात सापडते आणि त्याची कथा मोठी बोलकी आहे. ब्रूस लिव्हिंगस्टन यांनी २००० मध्ये आयस्टॉकफोटो काढली, ती आरंभी छायाचित्रकारांनी आपसांत चित्रे देण्याघेण्यासाठी. तिचाच पुढे स्वस्त चित्रांचा बाजार झाला आणि २००६ मध्ये गेटीने ती पाच कोटी डॉलरना घेतली. याच गृहस्थांनी काही सहकाऱ्यांसह पुढे स्टॉक्सी नावाची सहकारी संस्था उभारली. २०१३ मध्ये तिचे काम सुरू झाले. सभासद छायाचित्रकार हेच मालक. साध्या परवान्याचे निम्मे पैसे आणि विस्तारित परवान्याचे पाऊणशे टक्के काढणाऱ्याला. ज्यांनी भाव पाडणारा बाजार उभा केला, त्यांच्याच हातून ही दुरुस्ती निघाली. याला पश्चात्ताप म्हणावे की चतुर व्यवहार, ते मी ठरवू शकत नाही. बहुधा दोन्ही असावे.

आपल्याकडे सहकार नवा नाही. काजू आणि सुपारी पिकवणाऱ्याला गोवा बागायतदार संस्था ठाऊक आहे. दलालाच्या दारात एकट्याने उभे राहणे आणि संस्थेच्या काट्यावर माल घालणे यांतला फरक आपल्या वडीलधाऱ्यांनी अनुभवला आहे. मात्र उपमा ताणू नये. सुपारीची प्रतवारी करता येते आणि एका प्रतीच्या सुपारीला एकच भाव देता येतो. धुक्याच्या चित्राची प्रतवारी कोण करणार? म्हणूनच स्टॉक्सीसारख्या संस्था सभासद निवडून घेतात, त्यांची संख्या मर्यादित ठेवतात आणि दारे बहुतांशी बंद असतात. माझ्या विद्यार्थ्याने अर्ज केला होता. त्याला प्रवेश मिळाला नाही. सहकाराचा गौरव करताना दाराबाहेर उभा राहिलेला माणूस विसरला जातो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

कायद्याकडूनही येथे फार आशा नाही. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगीतांच्या गीतकार-संगीतकारांना मानधनाचा असा वाटा दिला, की जो त्यांच्याकडून लिहूनही घेता येत नाही. छायाचित्रकाराला त्या दुरुस्तीत मुदत तेवढी वाढवून मिळाली: पूर्वी प्रसिद्धीपासून साठ वर्षे होती, ती हयातभर आणि मृत्यूनंतर साठ वर्षे झाली. आठ रुपयांचा हक्क नातवापर्यंत पोचेल, एवढाच त्याचा अर्थ.

मला या साखळीचे दुसरे टोक अधिक जवळचे वाटते, कारण तिथे आपण आहोत. स्मरणिका, दिवाळी अंक, जत्रेचे फलक, ग्रामपंचायतीची दिनदर्शिका यांसाठी आपण चित्रे कोठून घेतो? गोवा म्हटले की दूरच्या भांडारातून माड आणि समुद्र येतात, किंवा कोणाचे तरी चित्र न विचारता उचलले जाते. पेडण्याच्या पुनवेचा फोटो पेडण्यातल्या माणसाकडून, त्याला विचारून, ठरलेले पैसे देऊन आणि खाली नाव छापून घेणे हे कोणत्याही जागतिक संस्थेवाचून उद्या सकाळी करता येण्याजोगे आहे. माझा विद्यार्थी आता काही मित्रांबरोबर तेच करू पाहतो आहे. तिघेजण आहेत, दरपत्रक एकच आहे आणि पहिली अट नावाची आहे. गेल्या वर्षी त्यांना चार गिऱ्हाईके मिळाली. त्यांतल्या एकाने पैसे दिले आणि नाव वगळले.

माझे स्टुडिओवाले आता हयात नाहीत. या व्याख्यानाची तयारी करताना मी त्यांच्या मुलाकडे गेलो आणि म्हणालो, “वडिलांचे नाव मी भर सभेत घेणार आहे.” तो अदबीने म्हणाला, “सर, भाषणात नको. बाबांचे फोटो पुस्तकात आहेत, नावही तिथेच येऊ दे.” म्हणून आज मी ते उच्चारलेले नाही. पुस्तकाची दुसरी आवृत्ती मुद्रणालयात आहे. अकराही छायाचित्रांखाली नाव आहे आणि मुलाशी रीतसर करार झाला आहे. निगेटिव्हचा डबा त्याच्या माळ्यावर मिळाला. त्यातले बरेचसे बुरशीने गेले. रंग पुसणारा नट वाचला आहे.

शेवटी एक विनंती. विद्यालयाच्या कपाटात स्नेहसंमेलनांचे, सहलींचे आणि जुन्या इमारतीच्या पायाभरणीचे फोटो आहेत. मुख्याध्यापकांच्या अनुमतीने त्यांतले काही बाहेरच्या टेबलावर मांडले आहेत. फोटोत कोण आहे हे बहुतेक ठिकाणी मागे लिहिलेले आहे. कोणी काढला ते कुठेच नाही. शेजारी वही आणि पेन्सिल ठेवली आहे. ज्यांना आठवत असेल त्यांनी चहाला जाण्यापूर्वी तेवढे लिहून जावे.