घाटमाथ्यावरचा स्कोन
लोणावळ्याच्या मुसळधार पावसात चहासोबत घरीच करावा अशा, मूळच्या स्कॉटलंडच्या स्कोनची सारी मदार लोण्याच्या शीतलतेवर असते. 250 ग्रॅम मैदा, 2 चमचे बेकिंग पावडर, थोडी साखर, चिमूटभर मीठ आणि फ्रिजमधल्या 60 ग्रॅम लोण्याचे तुकडे फूड प्रोसेसरमध्ये घालून, यंत्र थांबवत थांबवत, मिश्रण जाड रव्यासारखे दिसेपर्यंतच फिरवावे. कारण हाताच्या उष्णतेने वितळणारे लोणी यंत्रात कणरूपाने शाबूत राहते आणि भट्टीत त्यातल्याच पाण्याची वाफ होऊन स्कोन फुलण्यास साहाय्य होते. दूध मात्र बेतानेच घालावे. मावळच्या दमट हवेत मैदा आधीच ओलावा धरून असतो. फार मळू नये, चिवटपणा येतो. इंचभर जाडीच्या चकत्या 220 अंशांवर 12 ते 15 मिनिटे भाजाव्यात. वैशाखात करवंदांचा मुरंबा घातला असेल, तर तो सोबत अवश्य घ्यावा.