हरकतीत बरकत

(तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या घरांत मोठी माणसं म्हणतात, ‘हरकत में बरकत है.’ तिथे हरकत म्हणजे हालचाल. हाच शब्द अरबीतून प्रवास करत मराठीत आला आणि त्याचा अर्थ झाला आक्षेप. महापालिकेच्या जाहीर सूचनेत ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ असं लिहिलेलं असतं, ती ही हरकत. आज मला एवढंच पटवून द्यायचं आहे की शहराच्या नियोजनात हे दोन्ही अर्थ एकच आहेत. जो वेळेत आक्षेप नोंदवतो, तोच हलला असं मानलं जातं. बाकीचे गप्प बसले, म्हणजे त्यांची संमती होती असं धरलं जातं.

हे मी अनुभवातून शिकलो. आमच्या वस्तीजवळ एक मोकळा भूखंड होता. आराखड्यात त्यावर खेळाच्या मैदानाचं आरक्षण होतं. ते बदलून निवासी करणार अशी कुणकुण लागली. आम्ही मोर्चा काढला, घोषणा दिल्या, नगरसेवकाला निवेदन दिलं, पेपरात फोटोही आला. आम्हाला वाटलं, काम झालं. पुढे माहितीच्या अधिकारात फाईल मागवली. त्यात एक ओळ होती : ‘विहित मुदतीत एकही हरकत प्राप्त झाली नाही.’ ओळ खोटी नव्हती. आम्ही सगळं केलं होतं, फक्त ज्या टेबलावर कागद द्यायला हवा होता तिथे दिला नव्हता. आज तिथे इमारत आहे आणि पोरं रस्त्यावर क्रिकेट खेळतात.

म्हणून आधी हे टेबल कुठे असतं ते समजून घेऊ.

आपल्या राज्यात हे सगळं महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 या कायद्याने चालतं. या कायद्याखाली शहराचा विकास आराखडा तयार होतो. साधारण वीस वर्षांत कुठली जमीन निवासी, कुठली औद्योगिक, कुठे शाळा, दवाखाना, उद्यान, दफनभूमी, कुठून रस्ता जाणार, हे त्यात ठरतं. आधी सध्याच्या जमीन वापराचा नकाशा बनतो. मग प्रारूप आराखडा जाहीर होतो. कलम 26 प्रमाणे त्याची सूचना राजपत्रात आणि वर्तमानपत्रात येते आणि हरकतींसाठी मुदत दिली जाते. मोठ्या शहरांत आजवर साठ दिवस मिळालेले आहेत, इतरत्र तीसही असतात. सूचनेत जी तारीख छापली असेल ती खरी.

त्यानंतर कलम 28 खाली नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ असतात. इथे एक बारीक गोष्ट आहे, ती वहीत लिहून घ्या. ज्याने हरकत दिली आणि ‘मला प्रत्यक्ष म्हणणं मांडायचं आहे’ अशी मागणी केली, त्याला ऐकून घेण्याची संधी कायदा देतो. म्हणजे अर्जाच्या शेवटी ते एक वाक्य हवंच. ते नसेल तर सुनावणीचं पत्र आलं नाही म्हणून तक्रार करायला जागा राहत नाही. समितीचा अहवाल झाल्यावर आराखडा शासनाकडे जातो आणि शेवटची मंजुरी शासन देतं.

‘आपलं कोण ऐकतंय?’ असं तुमच्यापैकी काहींच्या मनात आलं असेल. मुंबईचं उदाहरण बघा. 2034 पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा फेब्रुवारी 2015 मध्ये आला. लोकांनी नकाशात आपापली गल्ली शोधली आणि चुकांचा ढीग बाहेर आला. वास्तुविशारद, रहिवासी संघ, वस्तीतल्या संघटना, सगळ्यांनी लिहून दिलं. एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा बाजूला ठेवून दुरुस्त करायला सांगितला. सुधारित मसुदा मे 2016 मध्ये आला आणि मंजुरी 2018 साली मिळाली. नवा आराखडा निर्दोष झाला असं मी म्हणत नाही. पण देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेला नकाशा पुन्हा काढावा लागला, त्यात या कागदांचा मोठा वाटा होता.

आराखडा मंजूर झाला की दार बंद होत नाही. दोन छोटी दारं उघडी राहतात आणि तिथे गर्दी नसल्यामुळे बऱ्याच गोष्टी गुपचूप होऊन जातात.

पहिलं दार कलम 37 चं. आराखड्याचं मूळ स्वरूप न बदलणारा फेरबदल त्यातून करता येतो. एका भूखंडाचं आरक्षण बदलायचं असेल तर बहुधा याच मार्गाने बदलतं. त्याचीही सूचना छापली जाते, हरकतीला एक महिना असतो. आमचं मैदान याच दाराने गेलं.

दुसरं दार कलम 127 चं. आरक्षित जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण आपोआप संपतं. इथे हरकत घ्यायलाही कोणी बोलावत नाही. प्रशासन झोपलं की शाळेची जागा जाते. म्हणून आपल्या प्रभागात कुठली आरक्षणं आहेत आणि त्यांचं वय किती, हे आपल्याला माहीत हवं. मालकाची नोटीस आली आहे का, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं.

आता पर्यावरणाकडे येऊ. तो रस्ता वेगळा आहे. 14 सप्टेंबर 2006 च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे मोठ्या प्रकल्पांना आधी पर्यावरण मंजुरी लागते. ज्या प्रकल्पांना जनसुनावणी लागू आहे, तिथे ती राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ आयोजित करतं. किमान तीस दिवस आधी सूचना द्यावी लागते. जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी अध्यक्ष असतो. प्रकल्प अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध हवा. सुनावणीचं चित्रीकरण होतं आणि शेवटी कार्यवृत्त लोकांना त्यांच्या भाषेत समजावून सांगावं लागतं. ते ऐकल्याशिवाय घरी जाऊ नका. तुमचा मुद्दा त्यात नसेल तर तिथेच उठून सांगा.

दोन गैरसमज मात्र दूर करतो. एक, इथे मतदान नसतं. हजार लोक विरोधात बोलले म्हणून प्रकल्प रद्द होत नाही. तज्ज्ञ समिती मुद्दे तपासते आणि प्रकल्पवाल्यांना त्यांची उत्तरं अंतिम अहवालात द्यावी लागतात. म्हणून ‘आम्हाला प्रकल्प नको’ यापेक्षा ‘चिमणीपासून शाळा किती मीटरवर आहे, हे अहवालात का नाही?’ हा प्रश्न जास्त जड असतो. दोन, सगळ्यालाच सुनावणी नसते. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या बांधकामांना मंजुरी लागते, पण इमारती आणि टाऊनशिप या प्रकारालाच जनसुनावणीतून सूट आहे. त्यांचे अर्ज केंद्राच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावर बघावे लागतात. मंजुरी चुकीची वाटली, तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत तीस दिवसांची. योग्य कारण दाखवलं तर आणखी साठ दिवस मिळू शकतात. त्याचं एक खंडपीठ पुण्यातच आहे.

भाषेचंही सांगतो. 2020 साली या अधिसूचनेचा नवा मसुदा आला. त्यात सुनावणीच्या सूचनेचे तीस दिवस वीसवर आणायचा प्रस्ताव होता. तो मसुदा मराठीत नव्हता. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने तो आठव्या अनुसूचीतल्या भाषांमध्ये भाषांतरित करायला सांगितलं. न समजणाऱ्या भाषेतली सूचना ही सूचनाच नव्हे, हे ठणकावून मागता येतं.

हे सगळं आपल्याशी कसं जोडलेलं आहे? गोवंडी-शिवाजीनगर बघा. एका बाजूला देवनारची कचराभूमी, दुसरीकडे दफनाला जागा अपुरी. 2024 साली दफनभूमीचा हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गाजला आणि न्यायालयाने महापालिकेला खडसावलं. माणसाला मेल्यावर जमीन मिळेल की नाही, हे नकाशावरच्या एका रंगाने ठरतं. पण आपण फक्त दफनभूमीपुरते जागे होतो, ही आपली चूक आहे. मैदान, दवाखाना, मुलींची शाळा, पाणी साचू न देणारा नाला, यासाठीही तितक्याच तातडीने जायला हवं. हे प्रश्न बौद्ध वस्तीचे, परप्रांतीय मजुरांचे, शेजारच्या चाळीचेही आहेत. हरकत एकत्र लिहा. आणि आपल्या दारातला धूर दुसऱ्या गावात ढकलायची मागणी करू नका. तिथेही माणसंच राहतात.

शेवटी कामाचं. घरी गेल्यावर महापालिकेच्या संकेतस्थळावरून आपल्या प्रभागाचा आराखड्याचा नकाशा काढा आणि आरक्षणांची यादी करा. दोघांनी जाहीर सूचना वाचायची जबाबदारी घ्या. त्यांत एक मुलगी असू द्या, कारण पाणी आणि रस्त्यातले दिवे यांचं तिला जास्त कळतं. हरकत लिहिताना सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर, आरक्षणाचा क्रमांक, आपला आक्षेप आणि आपल्याला काय हवं, हे लिहा. सह्यांच्या एका लांब कागदापेक्षा प्रत्येकाचा वेगळा अर्ज बरा. प्रत्यक्ष सुनावणीची मागणी करा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

उद्या तुमची हरकत फेटाळली गेली, तरी तो शिक्का मारलेला कागद वाया जात नाही. कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न हाच येतो : तेव्हा तुम्ही काय केलंत? आमच्याकडे दाखवायला पेपरातला फोटो होता. तुमच्याकडे आवक क्रमांक असू द्या.