हतबल क्षणी
२१ एप्रिल २०२१. नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली, पुरवठा विस्कळीत झाला आणि त्या दिवशी किमान २२ रुग्ण दगावले. आपलं माणूस डोळ्यांदेखत तडफडतंय आणि आपल्याला काहीच करता येत नाही, हे त्यांच्या नातेवाइकांनी सोसलं.

अशी हतबलता हा आपला दोष नव्हे. इलाज दरवेळी आपल्या हाती नसतो. सोबत देणं मात्र असतं. जवळ बसा, ऐकून घ्या. रुग्णवाहिकेसाठी १०८ लक्षात ठेवा. आणि तुमचंच मन दाटून आलं, तर १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा मोफत क्रमांक फिरवा. २०२२मध्ये सुरू झालेली ही सेवा मराठीतूनही, चोवीस तास मिळते. आधार देणाऱ्यालाही आधार लागतोच.