गरी टाकण्याआधी
(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

आदरणीय गुरुजन आणि 1982 च्या दहावीतल्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय मोकळा ठेवला आहे. महसूल खात्यात तेहतीस वर्षं कारकुनी केलेल्या माणसाला मोकळा विषय देणं धोक्याचं असतं, तो फेरफार नोंदींवर बोलू लागतो. पण घाबरू नका. निवृत्त झाल्यापासून मी आठवड्यातले चार दिवस गरी टाकून बसतो, म्हणून आज त्यावरच बोलणार आहे. फेरफार नोंद मध्ये एकदा येईल, तेवढी चालवून घ्या.

आमच्या गावातून खाडीवर जायला खारबांधावरून वाट होती. जेमतेम दोन माणसं शेजारून चालतील एवढी. एका बाजूला भातखाचरं, दुसऱ्या बाजूला चिखल आणि तिवरं, आणि वाटेच्या टोकाला उघाडी. सातवीत असताना एके दिवशी ओहोटी लागल्यावर मी उघाडीच्या तोंडाशी गरी टाकून बसलो. पाणी बाहेर पडतं तिथे मासा येणारच, एवढी अक्कल मला होती. थोड्या वेळाने आपल्याच वर्गातल्या एका मित्राचे वडील खांद्यावर जाळं घेऊन आले. मित्र आज समोर बसला आहे, हसतोय.

ते म्हणाले, ‘‘पोरा, ही जागा कोनाची, इचारलास का?’’

मी शाळेत शिकलेलं उत्तर दिलं, पाणी सगळ्यांचं असतं.

‘‘पानी कोनाचाच नाय,’’ ते म्हणाले, ‘‘पन आजची ओहोटी माझी हाय.’’

उघाडीवर पाळ्या होत्या. आज या घरची ओहोटी, उद्या त्या घरची. कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांनी मला हाकललं नाही. वीस पावलं खाली नेऊन बसवलं, मूठभर कोलंबी आमिषाला दिली आणि आपलं जाळं लावलं. त्या दिवशी मला दोन शिंगाळे मिळाले आणि एकाचा काटा अंगठ्यात शिरला. ज्यांना शिंगाळ्याचा काटा लागलाय त्यांना पुढचं सांगायला नको.

पुढे असंच बसता बसता बाकीच्या रीती कळत गेल्या. धक्क्यावर आधी आला त्याची जागा, मग तो वयाने लहान का असेना. दुसऱ्याने शेजारी बसायचं तर ‘‘लागतंय का?’’ एवढंच विचारायचं. ‘‘किती मिळाले?’’ असं विचारायचं नाही, नजर लागते म्हणतात. लाँच किंवा होडी धक्क्याला लागायला आली की सगळ्यांनी तंगूस वर घ्यायचा, मासा लागलेला असला तरी. कुणाला मोठा मासा लागला तर शेजारच्यांनी आपापल्या गऱ्या ओढून त्याला पाणी मोकळं करून द्यायचं. दोघांचा तंगूस गुंतला तर मागून आलेल्याने आपला कापायचा. शिंगाळ्याचे काटे पायऱ्यांवर टाकायचे नाहीत, कारण पायऱ्यांवरून अनवाणी माणसं चढतात. लहान मासा परत सोडायची रीत आपल्याकडे होती असं मात्र मी म्हणणार नाही. आपण सगळं खाल्लं.

आणि चिखलात बायका निवट्या, कालवं, चिंबोऱ्या धरत असतील तर गरीवाल्यांनी त्या पट्ट्यात उतरायचं नाही. आपल्या वर्गातली एक मुलगी आईबरोबर जायची. अमावास्या-पौर्णिमेला ओहोटी पहाटेची, तेव्हा ती वेळेवर यायची. चतुर्थी-पंचमीला ओहोटी नऊच्या पुढे जाई आणि तिचा पहिला तास चुकायचा. आपल्या भूगोलाच्या सरांनी एकदा तिला उभं केलं. आपल्याला वाटलं, आता छडी. सरांनी विचारलं, ‘‘आज तिथी कोणती?’’ तिने सांगितली. मग सरांनी अख्खा तास तिलाच फळ्यापाशी उभं करून आपल्याला उधाण आणि भांग शिकवले. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा येते हे मी पुस्तकातून नाही, तिच्याकडून शिकलो. सर, तुम्ही तिच्या नावापुढे त्या दिवशी हजेरी लावली होती, हे आम्ही मागच्या बाकावरून पाहिलं होतं.

आता वाटेबद्दल. 1970 साली नवी मुंबईसाठी आपली जमीन संपादनात आली. 1984 च्या जानेवारीत आपण कॉलेजात होतो. जासई आणि नवघरच्या गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना पुढे आली. 1989 ला न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं. हे तुम्हाला पाठ आहे. कार्यालयात बसून मला जे दिसत राहिलं ते वेगळं होतं. ज्याच्या नावावर सातबारा, त्याला मोबदला, भूखंड, निदान कोर्टात उभं राहायला कागद तरी होता. चिखलाचा सातबारा नसतो. ओहोटीची फेरफार नोंद होत नाही. (हीच ती फेरफार नोंद.) ज्या मित्राच्या वडिलांनी मला वीस पावलं खाली बसवलं, त्यांच्याकडे ‘आजची ओहोटी माझी’ याचा कसलाही कागद नव्हता. 2015 च्या फेब्रुवारीत पुण्याच्या राष्ट्रीय हरित लवादाने उरणच्या चार कोळीवाड्यांतल्या 1,630 पारंपरिक मच्छीमार कुटुंबांना 95 कोटी 19 लाख रुपये भरपाई द्यावी असा निकाल दिला. खाडीत जाणारी वाट आणि मासळीच्या जागा गेल्या, हे नुकसान आहे, असं त्यात मानलं गेलं. त्या निकालाची प्रत मी दोनदा वाचली. एवढी माणसं, एवढी वर्षं, आणि त्यांचं म्हणणं पहिल्यांदा सरकारी भाषेत लिहिलेलं.

आमच्या बांधावरच्या वाटेला तेही भाग्य लाभलं नाही. ती 2009 च्या पावसाळ्यानंतर बंद झाली. कंटेनर ठेवायला एका यार्डाने कुंपण घातलं, वाट कुंपणाच्या आत गेली. दिवाळीला मी घरी आलो, गरी घेऊन निघालो, आणि फाटकावरच्या रखवालदाराने अडवलं. तो बिचारा परराज्यातला, पगारी माणूस. मी म्हटलं, इथून गावाचा रस्ता आहे. तो म्हणाला, ‘‘कहाँ लिखा है?’’

मित्रहो, जे सांगायला मी उभा राहिलोय ते हे आहे. त्याचं उत्तर मला माहीत होतं. 1906 चा मामलेदार न्यायालय अधिनियम, कलम 5. वाट अडवली किंवा पाण्याचा वापर बंद केला, तर सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दावा करता येतो. त्या कलमात शेतीबरोबर मासेमारीचाही उल्लेख आहे. खंड न पडता, उघडपणे, हक्काने वीस वर्षं वापरलेल्या वाटेला 1882 चा सुखाधिकाराचा कायदाही मानतो. असे दावे मी स्वतः टेबलावर हाताळले होते. दुसऱ्यांचे. आमच्या वाटेसाठी मी अर्ज केला नाही. मी अलिबागला होतो, सरकारी नोकर होतो, बढतीची यादी लागायची होती, भावाला त्याच यार्डात काम मिळालं होतं. कारणं बरीच होती आणि सगळी खरी होती. एप्रिलमध्ये मी मनातल्या मनात तारीख मोजली, सहा महिने उलटले होते. मला थोडं हलकं वाटलं. हे हलकं वाटणं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मुलगी मिनेसोटात असते. दोन वर्षांपूर्वी तिच्याकडे जानेवारीत गेलो. तिथे तळी गोठतात, आणि लोक बर्फावर चालत जाऊन, बर्फाला भोक पाडून, त्यात गरी सोडून बसतात. जावई मला हौसेने घेऊन गेला. गोठलेलं तळं सगळ्यांचं, पण काठची घरं आणि जमीन खाजगी. मग बर्फापर्यंत जायचं कसं? सरकारने काठावर जागोजाग सार्वजनिक उतार राखलेत, त्याला पाटी, गाडी लावायला जागा. माणशी दोन गऱ्या. बर्फ निदान चार इंच असल्याशिवाय पायी जाऊ नये ही सूचना. बर्फावर खोपटं सोडून गेलात तर त्यावर ओळख लिहिलेली हवी. हे सगळं छापील. जे छापील नाही ते आमच्या उघाडीसारखंच निघालं. दुसऱ्याच्या खोपट्याला चिकटून भोक पाडायचं नाही. आम्ही एका म्हाताऱ्या गृहस्थाला विचारलं, इथे बसू का, त्याने हाताने थोडं पलीकडे असं दाखवलं. वीसेक पावलंच असतील. मला हसू आलं. जावयाला वाटलं मी थंडीने दात वाजवतोय.

परत आल्यावरची गोष्ट. 2024 च्या जानेवारीत रेल्वे उरणपर्यंत आली, अटल सेतूही त्याच वेळी सुरू झाला. तेव्हापासून रविवारी धक्क्यावर लांब पिशव्यांत रॉड घेतलेली मुलं येतात. खारघर, नेरूळ, काही पार मुंबईहून. मोराच्या धक्क्यावर एक आजोबा ठरलेल्या कोपऱ्यात बसतात, ऐंशीच्या पुढचे. एका रविवारी तिथे एक पोरगा तीन रॉड लावून बसला होता आणि आजोबा मागे पिशवी धरून उभे. लाँच आली तरी त्याने दोरी वर घेतली नाही. मी त्याला झापलं. चारचौघांत, आवाज चढवून.

तो शांतपणे म्हणाला, ‘‘काका, सॉरी, पण हे कुठे लिहिलंय?’’

मला रखवालदार आठवला. या वेळी फाटकाच्या आत मी उभा होतो.

त्या पोराला मी काय उत्तर देणार? मित्राच्या वडिलांनी मला झापलं नव्हतं, पाळी कुणाची ते सांगितलं होतं आणि कोलंबी दिली होती. मी त्याला शेजारी बसवलं आणि लाँचचं, तंगुसाचं, शिंगाळ्याच्या काट्याचं सगळं सांगितलं. आजोबांनी त्याचा एक रॉड हातात घेऊन गरगर फिरवून पाहिला आणि ‘‘याची किंमत किती?’’ विचारलं. आकडा ऐकून ते बराच वेळ बोलले नाहीत. पोरगा पुढच्या रविवारी आला तो कोपरा सोडून बसला.

आता माझं काम. आपल्या बॅचमध्ये करंजा, मोरा, न्हावा, केगाव, फुंडे, जसखार, गव्हाण, सगळीकडचे लोक आहेत. प्रत्येकाला आपल्या गावची पाण्यावर जाणारी एक तरी वाट आठवत असेल. अजून उघडी असलेली, अर्धी बुजलेली, कशीही. मागे टेबलावर वही ठेवली आहे. गाव, वाट कुठून कुठे, कोण वापरतं, कधीपासून, एवढं लिहा. ज्या उघड्या आहेत त्यांचे नकाशे काढून ग्रामसभेचे ठराव करून घ्यायचं काम मी करीन, मला त्याशिवाय दुसरं काही येत नाही. ज्या गेल्या सहा महिन्यांत बंद झाल्या असतील त्यांच्यापुढे तारीख ठळक लिहा आणि जेवणाआधी मला गाठा. आमच्या गावची वाट मी पहिल्या पानावर लिहिली आहे. ती आता नाही, पण लिहिली आहे.

उद्या जे उरणात थांबणार आहेत त्यांच्यासाठी, उद्या अष्टमी, भांग आहे. भरती सकाळी सहाच्या सुमारास, पाणी फार चढणार नाही. मी साडेपाचला मोराच्या धक्क्यावर असेन, चार गऱ्या जास्तीच्या आणतो. कोलंबी करंज्याचा मित्र आणणार आहे, तसं त्याने आत्ताच मान हलवून कबूल केलंय. सर, तुम्ही येणार असाल तर घ्यायला येतो. कोपरा सोडून कुठलीही जागा तुमची.